प्रोपेलर निवडताना आधी इंजिनाला विचारा

हलके विमान बाळगणाऱ्याला पैसे खर्च करण्याचा सर्वांत मोठा मोह प्रोपेलर पाहून होतो. इंजिन बदलायचे तर विमान महिनोन्महिने हँगरमध्ये अडकते आणि पंखांना तर हातच लावता येत नाही. प्रोपेलर मात्र नाकावरचे मोजके बोल्ट सोडवले की हातात येतो. त्या जागी कार्बन फायबरचा काळाभोर, टोकाशी मागे वळलेल्या तीन पात्यांचा प्रोपेलर चढवला की चाळीस वर्षांचे सेस्ना नवेकोरे दिसू लागते. कंपनीच्या माहितीपत्रकात वजन कमी, आवाज कमी, थरथर कमी, वेग जास्त आणि चढाई जास्त अशी पाच वचने एकाखाली एक छापलेली असतात. प्रत्येक वचन कुठल्या ना कुठल्या विमानावर खरे ठरलेले असते. पाचही वचने एकाच विमानावर एकाच वेळी खरी ठरणे मात्र दुर्मीळ, आणि नेमके हेच तिथे छापलेले नसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. बारामती, गोंदियाजवळचे बिरसी, धुळे, नागपूर अशा ठिकाणी मुले-मुली वैमानिक होण्यासाठी तास भरत आहेत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्या तासांसाठी कित्येक घरांतून कर्ज काढले जाते. यातले बहुतेक तास एका इंजिनाच्या छोट्या विमानात जातात. तिथे इंजिनाची सगळी ताकद हवेत उतरवणारा प्रोपेलर एकच असतो. तो कोणता घ्यायचा, हा निर्णय क्लबच्या कार्यालयात होतो. त्याचे परिणाम मात्र विद्यार्थ्याला, मेकॅनिकला आणि धावपट्टीशेजारी राहणाऱ्या गावाला भोगावे लागतात.

कंपोझिट प्रोपेलर चांगले आहेत. अनेक नव्या इंजिनांसाठी तर तेच योग्य आहेत. पण निवडीचा पहिला प्रश्न ‘पाते कशाचे बनवले आहे’ हा असता कामा नये. हे पाते याच इंजिनावर, याच विमानावर चालवून, मोजून पाहिले आहे का आणि कोणी, हे आधी विचारायला हवे. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख, हे सर्वांत आधी नीट ओळखले राइट बंधूंनी. जहाजांच्या प्रोपेलरचे शास्त्र आयते हाती येईल अशी त्यांची अपेक्षा होती, पण तिथे अनुभवापलीकडे काही सापडले नाही. मग दोघांनी स्वतःच गणित मांडले आणि १९०३ च्या आपल्या विमानासाठी सुमारे साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रोपेलर स्प्रूस लाकडाचे थर चिकटवून, हाताने तासून तयार केले. इंजिनाच्या ताकदीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग ते प्रत्यक्ष ओढीत उतरवत होते. सव्वाशे वर्षांच्या संशोधनानंतर आजचा उत्तम प्रोपेलर ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो, हे पाहिले की त्या दोन सायकल दुरुस्ती करणाऱ्या भावांबद्दल आदर दुणावतो. आणखी एक तपशील सहसा सांगितला जात नाही. लाकूड फाटू नये म्हणून पात्यांच्या टोकांवर त्यांनी पातळ कॅनव्हास घट्ट चिकटवला होता. लाकडाचा गाभा, वर कापडाचे आवरण आणि दोघांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ. आज जर्मनीत बनणारी महागडी पाती याच रचनेची आहेत. कापडाच्या जागी काचतंतू किंवा कार्बन फायबर आले आणि सरसाच्या जागी रेझिन.

पाच वर्षांनी प्रोपेलरनेच विमानविद्येला पहिला मोठा धक्का दिला. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर इथे ऑर्व्हिल राइट लष्करासमोर प्रात्यक्षिक देत होते. एका पात्याला उभी चीर गेली, ओढ असमान झाली, थरथर वाढली आणि पाते सुकाणूच्या तारेवर आदळले. विमान कोसळले. ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले आणि सोबतचे लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनावर चालणाऱ्या विमानाच्या अपघातातला तो पहिला मृत्यू.

पहिल्या महायुद्धानंतर धातू आला. सिल्व्हेनस रीड यांच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या प्रोपेलरला १९२५ ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. पुढे छोट्या विमानावर घडीव अ‍ॅल्युमिनियमच असायचे हे जणू ठरून गेले. पाते पातळ करता येते, पाऊस सोसते, खडा लागून खोच पडली तर मेकॅनिक कानशीने घासून ती गुळगुळीत करतो. सेस्ना १५२ आणि १७२ या विमानांवर जगभरात पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या त्या याच प्रोपेलरच्या मागे बसून. त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

त्याची दुखरी बाजू वेगळी आहे. पिस्टन इंजिन सलग फिरत नाही, धक्क्याधक्क्याने फिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंधन पेटते, म्हणजे मिनिटाला २,७०० फेरे असताना सेकंदाला ९० धक्के. हे धक्के क्रँकशाफ्टमधून सरळ पात्यांत जातात. पात्याची स्वतःची कंपनसंख्या आणि धक्क्यांची लय जुळली की धातूवर प्रचंड ताण येतो. अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव असा, की छोटे ताणसुद्धा ते विसरत नाही. लाखो, कोटी फेऱ्यांनंतर एखाद्या दुर्लक्षित खोचेतून चीर वाढू लागते. म्हणूनच १८० अश्वशक्तीचे लायकमिंग ओ-३६० इंजिन आणि हार्टझेलचा दोन पात्यांचा धातूचा प्रोपेलर अशी जोडी असलेल्या अनेक विमानांत २,००० ते २,२५० फेऱ्यांच्या दरम्यान सतत इंजिन चालवू नये, अशी सूचना वैमानिकासमोर लावलेली असते. इंजिन चांगले असते, प्रोपेलरही चांगला असतो. दोघे एकत्र आल्यावर एक पट्टा धोक्याचा ठरतो. एवढे एक उदाहरण ज्याला नीट कळले, तो प्रोपेलर नुसते चित्र पाहून घेणार नाही.

लाकूड आणि तंतू-रेझिन ही द्रव्ये असे कंपन आपल्या अंगात जिरवतात. बव्हेरियातल्या कारागिरांनी नेमका याचा फायदा घेतला. रोझेनहाइमची हॉफमन ही कंपनी १९५५ ची. गेर्ड म्युलबाउअर यांनी १९८१ मध्ये स्ट्राउबिंग परिसरात एमटी-प्रोपेलर सुरू केली. त्यांच्या पात्याच्या मुळाशी दाबून घट्ट केलेले बीच लाकूड असते, पुढे हलके स्प्रूस, त्यावर काचतंतू किंवा कार्बनचे आवरण आणि समोरच्या कडेला धातूची पट्टी. अमेरिकेत ओहायोतल्या पिक्वा गावच्या हार्टझेलने दुसरी वाट धरली. १९१७ मध्ये अक्रोडाच्या लाकडाचे प्रोपेलर बनवत ही कंपनी उभी राहिली होती. तिच्या केवलार तंतूंच्या पात्यांना १९७८ मध्ये मान्यता मिळाली आणि ती पाती कासा २१२ या दोन इंजिनांच्या विमानावर बसली. आज तिची कार्बनची पाती सिरससारख्या खासगी विमानांवर आणि अलास्कातल्या खडबडीत पट्ट्यांवर उतरणाऱ्या कब जातीच्या विमानांवर दिसतात. शिवाय छोट्या रोटॅक्स इंजिनांसाठी फ्रान्स, इटली, चेक प्रजासत्ताक, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या लहान कारखान्यांची पाती आहेत. कोणी भरीव कार्बन वापरते, कोणी फोमच्या गाभ्यावर कार्बन गुंडाळते. या सगळ्यांना बाजारात एकच नाव असले तरी ताण सोसण्याची त्यांची तऱ्हा आणि दुरुस्तीची पद्धत सारखी नसते. ‘कंपोझिट बसवले’ एवढे सांगून काहीच सांगितले जात नाही.

आता इंजिनांकडे येऊ, कारण खरा निकाल तिथे लागतो.

डायमंड कंपनीच्या डीए-४० एनजी आणि डीए-४२ या प्रशिक्षण विमानांत जेट इंधनावर चालणारे डिझेल जातीचे इंजिन असते. गोंदियाच्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि उत्तर प्रदेशात फुर्सतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत डायमंडच्या विमानांवर प्रशिक्षण चालते. डिझेल इंजिनाचा धक्का पेट्रोल इंजिनापेक्षा जोरकस असतो. अशा इंजिनापुढे घडीव अ‍ॅल्युमिनियम लावणे म्हणजे चिरेला आमंत्रण. म्हणून कारखान्यातूनच लाकडी गाभ्याचा, तीन पात्यांचा एमटी प्रोपेलर येतो. तिथे निवडीला वाव नाही आणि असायलाही नको.

रोटॅक्स ९१२ चे प्रकरण निराळे. १०० अश्वशक्तीचे हे ऑस्ट्रियन इंजिन मिनिटाला ५,८०० फेरे घेते आणि २.४३ पट गती उतरवणाऱ्या गिअरबॉक्समधून प्रोपेलर सुमारे २,३९० फेऱ्यांनी फिरवते. गिअरच्या दातांना जड प्रोपेलर सोसत नाही. सुरू होताना आणि बंद होताना त्या दातांवर हिसके बसतात. त्यामुळे प्रोपेलरच्या फिरत्या जडत्वाला कंपनीने ६,००० किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा घालून दिली आहे. इथे हलके कंपोझिट पाते म्हणजे चैन नव्हे, ती गरज आहे. तरीही मायक्रोलाइट वापरणाऱ्यांपैकी किती जण प्रोपेलर घेताना जडत्वाचा आकडा मागतात? व्यास आणि किंमत विचारली जाते, रंगही विचारला जातो. आकडा मागितला नाही तर विक्रेता आपण होऊन सांगेलच, असे नाही.

लायकमिंगसारख्या, गिअरबॉक्स नसलेल्या इंजिनात चित्र पुन्हा उलटते. तिथे जड धातूचा प्रोपेलर जडचक्राचे कामही करतो. तो काढून अगदी हलके पाते लावले तर कमी फेऱ्यांवर इंजिन खडबडीत चालू शकते. शिवाय वजन कमी झाले की विमानाचा तोल सरकतो. नाकाच्या टोकावरचे दहा किलो उतरवले तर गुरुत्वमध्य मागे जातो आणि मागे सामान भरल्यावर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली विमाने घरी बांधणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. हलका प्रोपेलर बसवून मग नाकाजवळ मुद्दाम धातूची जाड चकती लावणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत. पैसे मोजून कमी केलेले वजन पैसे मोजून परत बसवायचे! नव्या प्रोपेलरचे वजन कळले की आधी तोलाचा तक्ता नव्याने मांडावा, मागणी त्यानंतर नोंदवावी.

आवाजाच्या बाबतीत मात्र कंपोझिटच्या बाजूने मनापासून बोलले पाहिजे. छोट्या विमानाचा बराचसा गोंगाट प्रोपेलरच्या टोकांतून येतो आणि तो टोकाच्या वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. सेस्ना १७२ एस या विमानाचा प्रोपेलर ७६ इंची, म्हणजे १.९३ मीटरचा आहे. २,७०० फेऱ्यांना त्याचे टोक सेकंदाला सुमारे २७३ मीटर, ताशी ९८० किलोमीटर वेगाने हवा कापते. ध्वनीच्या वेगाचा हा ८० टक्के भाग झाला. डायमंडच्या डिझेल विमानावरचा १.९० मीटरचा प्रोपेलर जास्तीत जास्त २,३०० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे टोक सेकंदाला साधारण २२९ मीटर. ध्वनीच्या वेगाच्या ६७ टक्के. व्यास जवळजवळ तेवढाच, पण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला पडणारा फरक फार मोठा. पात्यांची संख्या वाढवली की व्यास आटोपता ठेवता येतो आणि हलक्या द्रव्यामुळे तिसरे, चौथे पाते वजनाला परवडते. जर्मनीत छोट्या विमानतळांवर गोंगाट करणाऱ्या विमानांच्या वेळांवर बंधने आहेत. तिथे तीन-चार पात्यांचे कंपोझिट प्रोपेलर इतके रुजले, त्याचे हे एक मोठे कारण.

प्रशिक्षणाचे विमान दिवसभर त्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालते. त्याच शाळेवरून, त्याच दवाखान्यावरून, त्याच वस्तीवरून. जुहूच्या धावपट्टीभोवती तर आता शहरच दाटले आहे. आपल्याकडे विमानतळाजवळच्या गावकऱ्यांनी आवाज सोसायचा हे गृहीत धरले जाते आणि ते योग्य नाही. नवी विमाने घेताना टोकाचा वेग आणि प्रमाणपत्रातला आवाजाचा आकडा या गोष्टी किमतीच्या बरोबरीने पाहिल्या जाव्यात.

वेग आणि चढाई यांचे गणित पात्याच्या कोनावर, म्हणजे पिचवर ठरते. स्थिर पिचचा प्रोपेलर नेहमीच तडजोड असतो. सपाट कोन ठेवला तर विमान उचलते छान पण वर गेल्यावर वेग मिळत नाही. तिरपा ठेवला तर वेग मिळतो, पण उड्डाणाच्या वेळी इंजिन अडखळते. वर उल्लेखलेले सेस्ना जागेवर उभे असताना पूर्ण थ्रॉटलला २,३०० ते २,४०० फेरेच घेते. म्हणजे सर्वांत जास्त ताकद हवी त्या क्षणी इंजिनाची पूर्ण ताकद मिळतच नाही. कंपोझिट पात्यांचे बरेच प्रोपेलर जमिनीवर कोन बदलता येईल असे असतात. ही सोय खरोखर मोलाची आहे.

विदर्भातला मे महिना घ्या. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. तापमान ४५ अंशांवर गेले की तिथली हवा पावणेपाच हजार फुटांवर असावी तेवढी विरळ होते. त्या विरळ हवेत इंजिनही दमते, पंखही आणि प्रोपेलरही. युरोपातल्या थंड हवेत जुळवून दिलेला ‘प्रवासी’ कोन अशा दुपारी तसाच ठेवणे धोक्याचे आहे. चढाईला अनुकूल कोन लावून ताशी आठ-दहा किलोमीटरचा वेग गमावला तरी शिकाऊ विमानाचे काही बिघडत नाही. रोटॅक्सच्या बाबतीत निर्मात्याचाच इशारा आहे, की पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५,२०० फेऱ्यांच्या खाली दाबून चालवू नये. वेगाच्या हव्यासाने जास्त तिरपा कोन लावणारे नेमके तेच करतात. आणि कोन बदलायचा तर तो सगळ्या पात्यांचा काटेकोर सारखा. अर्ध्या अंशाची तफावतही थरथर बनून पाती धरणाऱ्या हबमध्ये आणि इंजिनाच्या पायांत उतरते. ते काम मापाचे साधन घेऊन, नोंदवहीत लिहून आणि नंतर प्रोपेलर इंजिनावर फिरता ठेवून कंपन मोजून व्हायला हवे.

आपल्या हवेचा उल्लेख विदेशी माहितीपत्रकांत नसतो. ताशी ९८० किलोमीटरने येणाऱ्या टोकाला पावसाचा थेंब मऊ लागत नाही. धातूची कड नसलेले लाकडी पाते एका सरीत खरवडले जाऊ शकते. समोरच्या कडेला निकेलची किंवा स्टीलची पट्टी असलेले पाते बरेच टिकते, नुसत्या प्लॅस्टिकच्या टेपचे त्याहून कमी. कोकण किंवा मुंबईत ठेवायचे विमान असेल तर बारीक पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. मुळाशी लाकूड असलेला आणि बोल्टने आवळलेला स्थिर प्रोपेलर असेल, तर आणखी एक पथ्य आहे. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि बोल्टचा ताण त्याप्रमाणे बदलतो. ऋतू बदलला की टॉर्क पाना लावून तो तपासलाच पाहिजे. लाकडी प्रोपेलरचे विमान उभे करताना पाती आडवी ठेवावीत, म्हणजे ओल एकाच पात्यात उतरत नाही.

तपासणीची सवयही बदलावी लागते. धातूच्या पात्यावर डोळ्याला दिसणारी खोच शोधतात. कंपोझिटचे दुखणे आत असू शकते. वरचा रंग धड आणि खाली थर सुटलेले. त्यासाठी मेकॅनिक नाण्याने पात्यावर हलके ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात तसेच हे आहे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे थर सुटल्याचा संशय. ही कला एका दुपारी शिकता येते, पण शिकवणारा आणि रोज करणारा असावा लागतो.

प्रोपेलर जमिनीला लागण्याचा प्रसंग शिकाऊ विमानांच्या नशिबी कधी ना कधी येतो. नाकाचे चाक जोरात आदळले की पाते धावपट्टीला घासते. धातूचे पाते वाकते आणि तो सगळा हिसका क्रँकशाफ्टला देते. लाकडी गाभ्याचे पाते तुटून, चिरफाळून बरीचशी ऊर्जा स्वतः संपवते. इंजिन वाचण्याची शक्यता त्यामुळे वाढते, यात शंका नाही. पण यावरून ‘कंपोझिट असेल तर इंजिन उघडायची गरज नाही’ असा जो समज पसरला आहे, तो घातक आहे. लायकमिंगच्या व्याख्येनुसार पाण्याला किंवा उंच गवताला लागून फेरे अचानक घटले, तरी तो आघातच ठरतो, मग पाते शाबूत असले तरी. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २००४ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा आघातानंतर लायकमिंगच्या क्रँकशाफ्टमागचा गिअर आणि त्याचा बोल्ट यांची तपासणी सक्तीची आहे. पाते कशाचे होते, याने ती टळत नाही.

आणि कंपोझिट म्हणजे धातूच्या दुखण्यातून सुटका, असेही नाही. प्रत्येक पाते शेवटी कुठल्या तरी धातूच्या हबमध्ये अडकवलेले असते आणि फिरताना ते कित्येक टनांच्या ओढीने बाहेर निसटू पाहते. २१ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेत अटलांटाहून निघालेल्या एम्ब्राएर १२० या छोट्या प्रवासी विमानाचे एक पाते हवेतच तुटले आणि विमान जॉर्जियातल्या कॅरल्टनजवळ शेतात कोसळले. ते पाते बाहेरून कंपोझिट होते, आत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा होता. दांड्याच्या पोकळीत बसवलेल्या बुचातल्या क्लोरीनने धातूला गंज लागला, गंजाच्या खड्ड्यातून चीर वाढली. आधीच्या तपासणीत शंका येऊनही ते पाते चुकीच्या दुरुस्तीनंतर सेवेत परत आले होते. ते विमान क्लबच्या विमानांहून मोठे होते, इंजिन टर्बाइनचे होते, तरी धडा छोट्या विमानांनाही लागू आहे. पाते मुळाशी कसे धरले आहे आणि ते उघडून तपासायची मुदत काय, हा प्रश्न बाहेरच्या कार्बनच्या विणीपेक्षा शंभरपट महत्त्वाचा आहे.

प्रमाणपत्राचा मुद्दा अनेकांना कटकटीचा वाटतो. अमेरिका आणि युरोपात प्रोपेलरला इंजिनासारखेच स्वतंत्र प्रमाणपत्र लागते आणि ते मिळाले तरी तो कुठल्याही विमानावर बसवता येत नाही. त्या विमानाच्या मूळ मान्यतेत तो नसेल, तर बदलाची वेगळी मान्यता हवी. भारतात ती नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या दारातून येते. हा कागद म्हणजे कोणीतरी त्या जोडीच्या पात्यांवर ताणमापक चिकटवून, सर्व फेऱ्यांवर इंजिन चालवून कंपन मोजल्याचा पुरावा असतो. घरी बांधलेल्या विमानांना ही सक्ती नसते, त्यामुळे तिथे निर्मात्याला थेट विचारण्याची जबाबदारी मालकावर येते. इंजिनात पिस्टन बदलले किंवा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवले, तर धक्क्यांचे स्वरूप बदलते आणि जुनी मोजणी लागू राहत नाही.

देशाच्या पातळीवर एक गोष्ट व्हायला हवी. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे हंसा हे कंपोझिट बांधणीचे शिकाऊ विमान १९९३ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याची नवी आवृत्ती २०२१ मध्ये उडाली. पुण्यात मुख्यालय असलेली सुझलॉन पवनचक्क्यांची तंतू-रेझिनची लांबलचक पाती वर्षानुवर्षे बनवते आहे. तंतू आणि रेझिन हाताळणारे हात या देशात आहेत. मान्यताप्राप्त प्रोपेलर दुरुस्तीपर्यंत ते हात पोहोचवणे हे धोरणाचे काम आहे. फ्लाइंग स्कूलांची संख्या वाढवण्याच्या घोषणा होतात, तेव्हा त्यांच्या विमानांची पाती कुठे दुरुस्त होणार, हेही त्याच घोषणेत असावे. परदेशी पाठवलेले एक पाते परत येईपर्यंत विमान उभे राहते आणि विद्यार्थ्याचे तास थांबतात.

मग क्लबने आज करावे काय? ज्या सेस्नावरचा धातूचा प्रोपेलर मापात आहे, ओव्हरहॉलची मुदत शिल्लक आहे, त्याला हात लावू नये. ते पैसे कंपन मोजून घेण्यात आणि प्रोपेलरचा तोल साधण्यात घालावेत. थरथर तिथेच बरीच कमी होते. ओव्हरहॉल तोंडावर आला असेल आणि त्या विमानासाठी मान्यता मिळालेला कंपोझिट प्रोपेलर उपलब्ध असेल, तर जास्त किंमत मोजून तो घेणे योग्य आहे. आवाजासाठी आणि क्रँकशाफ्टसाठीही. मागणी नोंदवण्याआधी निर्मात्याकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात: याच इंजिनावरच्या कंपन-चाचणीचा दाखला, जडत्व आणि वजनाचा आकडा, किती नुकसान जागेवर दुरुस्त करता येते याची मर्यादा आणि भारतातून सर्वांत जवळच्या मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राचे नाव व लागणारे दिवस. यातले एक जरी उत्तर आले नाही, तर तो प्रोपेलर कितीही देखणा असला तरी घेऊ नये.